कॅच अँड शूट आणि पुलअप: दोन्ही थ्रीच, पण एका टक्केवारीत कोंबू नका

रत्नागिरीत आम्ही संध्याकाळी ज्या सिमेंटच्या कोर्टवर बास्केटबॉल खेळतो तिथे दोन पोरं आहेत. एक कॉर्नरला, म्हणजे बास्केटच्या बाजूच्या कोपऱ्यात, जाऊन उभा राहतो आणि पास आला की मारतो, दुसरा बॉल स्वतः आणतो, अंगावर डिफेंडर असतानाच एक ड्रिबल (बॉल जमिनीवर आपटणं) जोरात टाकतो आणि थांबून मारतो. पहिल्याचे जास्त जातात, म्हणून सगळे म्हणतात थ्रीला, म्हणजे तीन पॉइंटच्या लाईनबाहेरून मारायला, याचाच हात चांगला. मला ते अजिबात पटत नाही. दोघं थ्री मारतायत हे खरं, तीन पॉइंट दोघांनाही मिळतात, पण ती दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांची टक्केवारी शेजारी ठेवून हात कुणाचा चांगला हे ठरवता येत नाही.

आधी नावं नीट समजून घेऊ. एनबीएच्या (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या) आकडेवारीत कॅच अँड शूट म्हंजे बास्केटपासून १० फुटांच्या बाहेरून मारलेला जंप शॉट (उडी मारून टाकलेला), ज्यात बॉल हातात दोन सेकंद किंवा त्याहून कमी होता आणि ड्रिबल एकही नाही. पुलअप म्हंजे तसाच बाहेरून, पण आधी निदान एक ड्रिबल टाकून. म्हणजे पास घेऊन तीन सेकंद बॉल धरून बसलात आणि ड्रिबल न टाकता मारलात तर तो दोन्हीत बसत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. २०१३-१४ च्या सीझनपासून तिथल्या सगळ्या स्टेडियममध्ये खेळाडू आणि बॉल टिपणारे कॅमेरे लागले आणि हे प्रत्येक मॅचमध्ये असं मोजलं जायला लागलं.

लीगभर बघितलं तर पुलअप थ्रीची टक्केवारी कॅच अँड शूटपेक्षा साधारण तीन ते पाच टक्क्यांनी कमी असते. का, ते कोर्टवर उभं राहून बघा. पास हवेत असतानाच पाय लागलेले असतात, गुडघे वाकलेले असतात, डोळे रिंगकडे आणि बॉल छातीसमोर येतो, फक्त वर न्यायचा. ड्रिबलवरून बॉल गुडघ्याच्या उंचीवरून आणि अंगाच्या एका बाजूने उचलायचा, दुसरा हात त्यावर आणायचा, अंग पुढे किंवा आडवं पळत असतं ते थांबवायचं आणि हे सगळं समोर हात वर केलेला माणूस असताना. आमच्याकडे पाग (मासे पकडायचं फेकजाळं) टाकणाऱ्यांना विचारा, गुडघाभर पाण्यात पाय रोवून टाकलेला पाग आणि हलत्या होडीत उभं राहून टाकलेला पाग, जाळं तेच असतं, हातही तोच, पण गोल तसा उघडत नाही.

आणि पुलअप बऱ्याचदा मारायचाच नसतो, मारावा लागतो. शॉट मारायला टीमला मिळणारं २४ सेकंदाचं घड्याळ संपत आलं, पास देऊन काही झालं नाही, तर शेवटच्या चार-पाच सेकंदांत बॉल टीमच्या सगळ्यात भारी माणसाकडे जातो. तेव्हा जो काही शॉट निघतो तो त्याच्या नावावर लागतो, बाकी चौघांच्या नाही.

दोन शॉट शेजारी ठेवतो. २०१३ च्या एनबीए फायनलची सहावी मॅच, मायामी तीनने मागे, त्यांच्या लेब्रॉनचा थ्री हुकला, बॉशने रिबाउंड (हुकून परत आलेला बॉल) घेतला, त्यांचाच रे अ‍ॅलन मागच्या पावलांनी उजव्या कॉर्नरला गेला, पास घेतला आणि मारला, ५.२ सेकंद बाकी असताना ९५-९५. ड्रिबल शून्य. दुसरा २०१६ च्या फायनलची सातवी मॅच, ८९-८९, क्लीव्हलंडच्या कायरी अर्व्हिंगसमोर गोल्डन स्टेटचा स्टेफ करी, कायरीने ड्रिबल करत जागा काढली आणि साधारण ५३ सेकंद बाकी असताना करीच्या हातावरून थ्री घातला. अ‍ॅलनचा शॉट मी सोपा म्हणत नाही, तो असं मागे जाऊन कॉर्नरमधून मारायची मुद्दाम प्रॅक्टिस करायचा आणि त्याच्याही अंगावर डिफेंडर धावत आलाच होता. पण त्याची जागा बॉशच्या रिबाउंडने आणि पासने तयार झाली. कायरीची जागा त्याने स्वतःच तयार केली.

आता सगळ्यात बोलकं उदाहरण, ते एकाच टीममधलं आहे. ह्यूस्टन रॉकेट्स, २०१८-१९. जेम्स हार्डनने त्या सीझनमध्ये १०२८ थ्री मारले आणि त्यातले ३७८ गेले, म्हणजे ३६.८ टक्के. पी. जे. टकर ३७.७ टक्के. नुसता कागद बघितला तर टकर चांगला शूटर! पण टकर कॉर्नरला उभा राहून पास घेऊन मारायचा आणि हार्डनचे बहुतेक थ्री पासशिवायचे, ड्रिबल करून मागे उडी घेत मारलेले, तेही टकरपेक्षा कितीतरी जास्त. शिवाय टकर कॉर्नरला मोकळा का असायचा तर हार्डनच्या अंगावर दुसरा डिफेंडर धावून जायचा म्हणून. कॉर्नरवाल्याच्या टक्केवारीत ड्रिबलवाल्याची कमाई मिसळलेली असते, मला सांगायचंय ते हेच. टकरला कमी लेखायचं नाही, मोकळा शॉट सतत घालणं ही पण मेहनतच, पण जागा बदलून दोघांना दुसऱ्याचं काम द्या आणि मग टक्केवारी बघा.

कॉर्नरवरून अजून एक गोंधळ होतो. लोक म्हणतात कॉर्नर जवळ आहे म्हणून जास्त जातात. एनबीएत ते अर्धवट खरं आहे, वरची, म्हणजे बास्केटसमोरची, लाईन २३ फूट ९ इंच आणि कॉर्नर २२ फूट. अंतराने फरक पडतोच, १९९४-९५ मध्ये त्यांनी सगळी लाईन २२ फुटांवर आणली तर लीगची टक्केवारी ३३.३ वरून ३५.९ झाली आणि १९९७-९८ ला लाईन परत मागे गेली तेव्हा ३६ वरून ३४.६ ला आली. पण कॉर्नरचे थ्री जवळजवळ सगळे पासवर मारलेले असतात, त्यामुळे अंतर किती आणि पास किती हे वेगळं काढल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. आपल्याकडे फीबाचं (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचं) माप, वर ६.७५ मीटर आणि कॉर्नर ६.६०, म्हणजे फक्त १५ सेंटिमीटरचा फरक, इथे जवळ असण्याचा फायदा अगदीच थोडा.

मोकळा शॉट या शब्दाचं पण तसंच. एनबीएत जवळचा डिफेंडर ६ फूट किंवा जास्त लांब असेल तर एकदम मोकळा, ४ ते ६ मोकळा, २ ते ४ घट्ट, त्याच्या आत खूप घट्ट असं मोजतात. पण एकदम मोकळं कुणाला सोडतात? ज्याची भीती नाही त्याला. करीला कोण ६ फूट सोडेल! म्हणून मोकळ्या शॉटच्या आकड्यात कच्चे शूटर जास्त घुसतात आणि पुलअपच्या आकड्यात उलट, कारण ड्रिबलवरून थ्री मारायची परवानगी कोच फक्त चांगल्यांनाच देतो. चांगले लोक मारतायत आणि तरीही टक्केवारी कमी, म्हणजे शॉट म्हणून खरा फरक आकड्यात दिसतो त्याहून मोठा आहे.

आमच्या कोर्टवर तर आणखी भर. दुपारनंतर खारा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत असतो, खाऱ्या हवेने रिंग गंजून एका बाजूला कललीय, दमट हवेत बॉल हातातून सटकतो. पश्चिमेच्या बास्केटवर मारताना मावळतीचं ऊन थेट डोळ्यात. उभा राहून मारणारा वारा बघून थांबू शकतो, ड्रिबलवाल्याला तेवढा वेळच नसतो.

म्हणून मी वहीत दोन रकाने पाडलेत, पासवरचे वेगळे आणि ड्रिबलवरचे वेगळे, आणि ड्रिबलवाल्याने पास दिल्यावर कॉर्नरवाल्याचा गेला तर समोर पास देणाऱ्याचं नाव पण लिहितो. गेल्या रविवारी दोघांच्या जागा बदलल्या. कॉर्नरवाला पोरगा दहा मिनिटांत घामाघूम होऊन म्हणाला, दादा, बॉल आणतानाच पाय संपतात, मारू कधी?