हॉस्टेल की ओस्ताल? माद्रिदमध्ये खोली शोधताना

आई आणि मावशीला घेऊन माद्रिदला जायचं ठरलं तेव्हा राहायची जागा शोधायचं काम माझ्याकडे होतं. ग्रान व्हिया या मध्यवर्ती रस्त्याच्या जवळ, मेट्रोपासून दोन मिनिटांवर, तिघींना पुरेल अशी खोली, भाडंही परवडणारं, अशी एक जागा दिसली. नावातला पहिला शब्द वाचला आणि मी पुढे गेले. हॉस्टेल नको. 68 वर्षांच्या आईला मी बंक बेडवर चढायला लावणार नव्हते. पुढची जागा पाहिली, तिच्याही नावात तेच. अशा सात-आठ जागा बाजूला टाकल्यावर लक्षात आलं की मी तो शब्द नीट वाचतच नव्हते. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटच्या 'एल'च्या आधी 'ई' असेल तर ते हॉस्टेल. या सगळ्या नावांत तिथं 'ए' होता. तो स्पॅनिश शब्द आहे. त्यातल्या 'एच'चा उच्चार होत नाही आणि जोर शेवटच्या अक्षरावर येतो: ओस्ताल.

हॉस्टेलात तुम्ही पलंग भाड्यानं घेता आणि ओस्तालात खोली. बाकीचे सगळे फरक यातूनच येतात.

आपल्याकडे हा गोंधळ होण्याला कारणही आहे. हॉस्टेल म्हटलं की आपल्याला आधी कॉलेजचं वसतिगृह आठवतं, मेस आठवते, रात्री नऊला बंद होणारं फाटक आठवतं. यूथ हॉस्टेलच्या ट्रेकला जाऊन आलेल्यांना एका तंबूत किंवा हॉलमध्ये ओळीनं घातलेल्या पथाऱ्या आठवतात. युरोपातलं हॉस्टेल या दुसऱ्या घराण्यातलं. रिचर्ड शिरमान नावाच्या जर्मन शिक्षकाला 1909 मध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघालेलं असताना वादळात अडकल्यावर ही कल्पना सुचली, आणि काही वर्षांत आल्टेनाच्या किल्ल्यात तिला कायमची जागा मिळाली. तरुण मुलांना स्वस्तात रात्र काढता यावी, त्यांनी एकमेकांत मिसळावं, हा त्यामागचा हेतू. आजही हॉस्टेलची बांधणी त्याच हेतूवर उभी आहे: एका खोलीत चार, सहा, आठ किंवा त्याहून जास्त बंक बेड, सामायिक न्हाणीघरं, बसायला मोठी जागा, आणि बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर.

ओस्तालचं कूळ वेगळं आहे. त्याच्या जवळ जाणारी आपल्याकडची गोष्ट म्हणजे कोकणात पाटी दिसते ना, 'घरगुती राहण्याची सोय', ती. फरक इतकाच की इथं घर म्हणजे शहराच्या मध्यवस्तीतल्या जुन्या इमारतीतला एक मजला. एखादं कुटुंब दुसऱ्या किंवा चौथ्या मजल्यावरचा मोठा फ्लॅट घेतं, त्यात आठ-दहा खोल्या काढतं, आणि त्यांतल्या एकीच्या दाराशी टेबल मांडून रिसेप्शन करतं. खोली तुमची, चावी तुमची. चादरी-टॉवेल मिळतात, झाडलोट होते. जेवण सहसा मिळत नाही, नाश्ताही बऱ्याच ठिकाणी नसतो, आणि माद्रिदमध्ये त्याची उणीव भासत नाही. खाली उतरलं की कोपऱ्यावरच्या बारमध्ये कॉफी आणि किसलेला टोमॅटो-ऑलिव्ह तेल लावलेला भाजका पाव मिळतो. तिथं 'बार' म्हणजे सकाळी आजीआजोबाही कॉफीला येतात ती जागा. हे मावशीला पटायला एक दिवस लागला.

शब्द मुळात एकाच घरचे आहेत. पाहुणचाराशी जोडलेल्या एका लॅटिन शब्दातून हॉस्पिटल, हॉटेल, हॉस्टेल आणि ओस्ताल हे चारही आले. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेलं ते हॉस्टेल झालं, स्पॅनिशमध्ये राहिलं ते ओस्ताल. म्हणून 'स्पॅनिश लोक हॉस्टेललाच ओस्ताल म्हणतात' असं जे सांगितलं जातं ते चूक आहे. हॉस्टेलसाठी त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, आल्बेर्गे. सांतियागोला पायी जाणाऱ्या ख्रिस्ती पदयात्रेच्या वाटेवर यात्रेकरूंसाठीची आल्बेर्गे असतात, त्यांत जागा मिळायला यात्रेकरूचा शिक्क्यांचा पासपोर्ट लागतो. शहरांत हल्ली इंग्रजी 'हॉस्टेल' हाच शब्द पाटीवर जसाच्या तसा लिहितात, आणि मग एकाच गल्लीत दोन्ही पाट्या शेजारी शेजारी दिसतात.

पाटीवरचं नाव फसवं असू शकतं, पण दाराशेजारची निळी पाटी बहुधा फसवत नाही. स्पेनमध्ये राहण्याच्या जागांचे दर्जे ठरवणं हे त्या त्या स्वायत्त प्रदेशाचं काम आहे. त्यामुळे बारकावे बदलतात, पण निळ्यावर पांढऱ्या अक्षरांची ही चौकोनी पाटी अनेक ठिकाणी भेटते. नुसता मोठा 'एच' म्हणजे हॉटेल. मोठ्या 'एच'ला लहान 'एस' जोडलेला म्हणजे ओस्ताल. 'पी' म्हणजे पेन्सिओन. हा ओस्तालचा धाकटा भाऊ, खोल्या आणखी कमी, सोयी आणखी साध्या. (स्पॅनिशमध्ये निवृत्तिवेतनालाही हाच शब्द आहे, म्हणजे आपल्या 'पेन्शन'चा तो सख्खा नातेवाईक.) अक्षराखाली तारे असतात. ओस्तालचे दोन तारे आणि हॉटेलचे दोन तारे ही वेगवेगळी मोजमापं आहेत. दोन ताऱ्यांचं नेटकं ओस्ताल एका ताऱ्याच्या कळकट हॉटेलपेक्षा कितीतरी चांगलं असू शकतं, म्हणून तारे नुसते मोजून निवड करू नका.

ही पाटी आम्ही रात्री दहा वाजता शोधत होतो. पत्ता बरोबर होता, इमारतही तीच, पण समोर फक्त बूटांचं बंद दुकान आणि एक मोठं लाकडी दार. काचेचा दरवाजा नाही, दिव्यांची पाटी नाही. आई बॅगेवर बसली. मग दाराशेजारी हाताएवढी निळी पाटी दिसली, तिच्याखाली बटणांची पितळी पट्टी, आणि त्या पट्टीत तीन वेगवेगळ्या ओस्तालांची नावं. एकाच इमारतीत दोन-तीन ओस्तालं असणं तिथं नवलाचं नाही. म्हणून फक्त रस्ता आणि इमारतीचा नंबर पुरत नाही, मजला आणि बाजू लिहून घ्या. 'तिसरा डावा' म्हणजे जिना चढून गेल्यावर डाव्या हाताचं दार.

मजल्यांचाही एक हिशेब आहे. तळमजला झाला की जुन्या इमारतींत मध्ये एक 'एन्त्रेस्वेलो' असतो, कुठं त्यावर 'प्रिन्सिपाल', आणि त्यानंतर 'पहिला' मजला. म्हणजे कागदावरचा तिसरा मजला पायांना पाचवा लागू शकतो. आईच्या गुडघ्यांसाठी मी आधीच लिहून विचारलं होतं: लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते की अर्धा जिना चढल्यावर? हा दुसरा प्रश्न जरूर विचारा. अनेक इमारती लिफ्ट येण्याआधीच्या आहेत. नंतर जिन्याच्या मधल्या पोकळीत लिफ्ट बसवली, तीही दोन माणसं आणि एक बॅग मावेल एवढीच. ग्रान व्हियाचं काम 1910 मध्ये सुरू झालं, तिच्यावरच्या इमारती त्या मानानं नव्या आणि प्रशस्त. वेर्तास किंवा आतोचाकडच्या जुन्या गल्ल्यांत जिने अरुंद होत जातात.

खोली निवडताना ओस्तालात आणखी दोन शब्द भेटतील: 'एक्स्तेरिओर' आणि 'इंतेरिओर'. पहिली रस्त्याकडची, बहुधा छोटी लोखंडी बाल्कनी असलेली. दुसरी इमारतीच्या आतल्या चौकाकडची. मुंबईच्या जुन्या इमारतींतल्या डक्टसारखा हा चौक असतो: उजेड कमी, शेजाऱ्यांच्या भांड्यांचे आवाज, पण रात्री शांतता. माद्रिदमध्ये लोक रात्री नऊनंतर जेवतात आणि शनिवारी पहाटेपर्यंत रस्त्यावर असतात, हे लक्षात घेऊन निवडा. आम्ही बाल्कनीची खोली घेतली. आईनं पहिल्या रात्री कानात कापूस घातला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तासभर त्या बाल्कनीत उभी राहून खालची वर्दळ पाहिली. मला विचाराल तर तरीही रस्त्याकडचीच घ्या, फक्त झोप हलकी असेल तर शुक्रवार-शनिवार टाळा.

न्हाणीघर खोलीत आहे की बाहेर, हे गृहीत धरू नका. काही स्वस्त ओस्तालांत खोलीत फक्त वॉशबेसिन आणि शॉवर असतो, संडास बोळात. संकेतस्थळावरच्या फोटोत शॉवर दिसला म्हणून सगळं आत आहे असं समजून चालत नाही. उन्हाळ्यात जाणार असाल तर एसीची खात्री करा. जुलैत माद्रिदचं तापमान सहज 35 अंशांच्या वर जातं आणि जाड भिंतींचा उपयोग एका मर्यादेपर्यंतच होतो.

आता हॉस्टेलची बाजू. काही वर्षांपूर्वी एकटीच गेले होते तेव्हा मी हॉस्टेलमध्येच राहिले आणि पुन्हा एकटी गेले तर पुन्हा तिथंच राहीन. त्याची पहिली गोष्ट म्हणजे स्वयंपाकघर. शाकाहारी माणसाला स्पेनमध्ये उपाशी राहावं लागत नाही. बटाट्याचं जाड ऑम्लेट म्हणजे तोर्तिया, तळलेल्या पाद्रोनच्या मिरच्या, गास्पाचो, सॉस घातलेले बटाटे मिळतात. पण अंडंही न खाणाऱ्याची यादी लवकर संपते. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मी लाव्हापिएसमधून आणलेल्या डाळ-तांदळाची खिचडी केली होती. त्या वस्तीत भारतीय आणि बांगलादेशी दुकानं-खानावळी भरपूर आहेत. ओस्तालात ही सोय नसते, खोलीत किटली लावलेलीही मालकांना आवडत नाही. दुसरी गोष्ट सोबत. एकट्या प्रवासात संध्याकाळी बोलायला कुणी असणं किती मोलाचं असतं ते तेव्हा कळलं.

हॉस्टेलचे नियम मात्र आधी वाचावे लागतात. 'मिक्स्ड डॉर्म' म्हणजे स्त्री-पुरुष एकाच खोलीत. फक्त स्त्रियांची डॉर्म वेगळी निवडावी लागते. काही ठिकाणी 18 वर्षांखालच्यांना डॉर्ममध्ये घेत नाहीत, त्यामुळे मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी आधी विचारावं. लॉकर असतो पण कुलूप आपलं. टॉवेलचे पैसे बहुधा वेगळे. आणि हो, आता बऱ्याच हॉस्टेलांत स्वतंत्र खोल्याही असतात. तेव्हा 'हॉस्टेल म्हणजे डॉर्मच' हेही सरसकट खरं नाही.

पैशांचा हिशेब डोक्यात नको, कागदावर करा, कारण दोन्हीकडची किंमत वेगळ्या गोष्टीची असते. उदाहरणापुरते आकडे घेऊ: डॉर्ममधला पलंग 35 युरो आणि ओस्तालातली तिघांची खोली 100 युरो. एकट्याला हॉस्टेल उघडच स्वस्त. तिघांचे मात्र हॉस्टेलात 105 होतात, वर टॉवेल आणि कुलूप. म्हणजे तिघं मिळून जाणार असाल तर 'स्वस्तात म्हणून हॉस्टेल' हा हिशेब अनेकदा उलटा पडतो. बार्सेलोनात जाणार असाल तर माणशी, रात्रीमागे पर्यटन कर वेगळा द्यावा लागतो. माद्रिदमध्ये तो नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत दोघांत फरक नाही. पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे पाठवणं स्पेनमध्ये बंधनकारक आहे आणि डिसेंबर 2024 पासून ही माहिती आणखी तपशिलानं मागतात, म्हणून पासपोर्टसोबत घरचा पत्ता, फोन विचारला तर दचकू नका. शेंगेन व्हिसासाठी मात्र एक काळजी घ्या: बुकिंगच्या कागदावर सोबतच्या सगळ्यांची नावं असू द्या. डॉर्मचं बुकिंग अनेकदा एकाच नावावर येतं. ओस्तालच्या मालकांना निरोप पाठवला तर ते बहुधा सगळ्यांची नावं घालून पत्र देतात. आम्हाला एका दिवसात मिळालं.

नावाला भुलायचं नाही याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण माद्रिदमध्ये नाही, सांतियागो दे कोम्पोस्तेलात आहे. तिथल्या कॅथेड्रलच्या चौकात 'ओस्ताल दोस रेइस कातोलिकोस' नावाची इमारत आहे. राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदो यांनी 1499 मध्ये यात्रेकरूंसाठी रुग्णालय म्हणून ती बांधायला सांगितली. आज ते पंचतारांकित परादोर, म्हणजे सरकारी साखळीतलं हॉटेल आहे. तिथल्या एका रात्रीच्या भाड्यात साध्या ओस्तालातल्या कितीतरी रात्री निघतील.

रात्रीच्या विमानानं पोहोचणार असाल तर शेवटचं एक. हॉस्टेलचं रिसेप्शन बहुतेक ठिकाणी चोवीस तास उघडं असतं. ओस्तालातला माणूस मात्र रात्री घरी जातो किंवा आतल्या खोलीत झोपतो. पूर्वी माद्रिदच्या गल्ल्यांत 'सेरेनो' नावाचे रात्रीचे पहारेकरी असत, त्यांच्या कमरेला सगळ्या दारांच्या चाव्या. उशिरा आलेला माणूस रस्त्यात उभा राहून टाळ्या वाजवी आणि सेरेनो येऊन दार उघडून देई. आता पोहोचण्याची वेळ आधी कळवावी लागते. एकदा आत गेलात की तीन चाव्यांचा जुडगा हातात देतात: रस्त्यावरच्या मोठ्या दाराची, मजल्यावरच्या दाराची आणि खोलीची. आमचा जुडगा चारही दिवस आईच्या पर्समध्ये होता, आणि मोठ्या दाराची चावी आधी थोडी बाहेर ओढून मग फिरवायची असते, हे तिघींमध्ये तिलाच पहिल्यांदा जमलं.