गोळी लागली नाही, म्हणून पेन्शन नाही?

कामठीच्या छावणीपासून सीताबर्डीच्या चहाटपरीपर्यंत सैनिकांच्या पेन्शनबद्दल एकच समज: "गोळी लागली तरच डिसॅबिलिटी पेन्शन. डोक्याच्या दुखण्याला काय भेटते भाऊ!"

चूक. पीटीएसडीसारखा (भयंकर प्रसंगाचा मनावर राहिलेला आघात) मानसिक आजार सेवेमुळे जडला किंवा वाढला असेल आणि लष्करी डॉक्टरांच्या मेडिकल बोर्डाने अपंगत्व किमान 20 टक्के धरलं असेल, तर दावा करता येतो. भरतीवेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळेच झाला, हे सिद्ध करण्याचं ओझं सैनिकावर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली धरमवीर सिंग प्रकरणात (तिथे आजार अपस्माराचा होता) सांगितलं. 2023 मध्ये मात्र नियम बदलले. कोणते नियम लागू, हे ठरवायला आधी निवृत्तीची तारीख बघा.

शेजारच्या हवालदारकाकांनी बोर्डाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं जपला. टक्केवारीचा रकाना कुणी वाचलाच नव्हता. दावा फेटाळला, तर आधी खात्यात अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण.