औषध उवांसाठी, मरण शेवंडांना

1970च्या दशकात नॉर्वेच्या किनाऱ्यालगत जाळीच्या पिंजऱ्यांत सॅमन मासा पाळायला सुरुवात झाली आणि त्यामागोमाग सॅमनची ऊ फोफावली. तिला ऊ म्हणत असले तरी ती कीटक नाही. ती कोळंबी-खेकड्यांच्या कुळातली, माशाची त्वचा आणि रक्त खाऊन जगणारी. कवचधारी प्राणी आणि कीटक उत्क्रांतीत एकमेकांचे जवळचे नातलग आहेत, त्यांच्या मज्जातंतूंचं काम पुष्कळसं सारखं चालतं. त्यामुळे शेतातली कीटकनाशकं समुद्रातही लागू पडली.

आधी ट्रायक्लोरफॉन, मग डायक्लोरव्हॉस आणि ॲझामेथिफॉस. मज्जातंतूचा संदेश पोचल्यावर तो थांबवणारं एक एन्झाइम असतं, ते ही औषधं बंद पाडतात. 1990च्या दशकाच्या सुरुवातीलाच स्कॉटलंडमध्ये डायक्लोरव्हॉसला न जुमानणाऱ्या उवा आढळल्या. ॲझामेथिफॉस पचवणाऱ्या उवांमधलं कारण 2015च्या सुमारास उलगडलं: त्या एन्झाइमच्या साखळीतलं 362व्या जागेचं एकच अमिनो आम्ल बदललेलं होतं. डेल्टामेथ्रिन या दुसऱ्या औषधाला होणारा प्रतिकार मुख्यतः आईकडून, मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएतून पिल्लांकडे जातो. खाद्यातून दिलं जाणारं इमामेक्टिन बेंझोएट पचवणारा गुण तर दहाएक वर्षांत अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पसरला.

शेजारच्या शेवंडांना यातलं काहीच साधलं नाही. 2009च्या अखेरीस कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात, ग्रँड मनान आणि डियर बेटांजवळ शेकडो शेवंडं मेलेली सापडली. त्यांच्या शरीरात सायपरमेथ्रिन होतं, म्हणजे आपल्याकडे कपाशीवर बोंडअळीसाठी फवारतात तेच. तिथल्या समुद्रात ते वापरायला परवानगीच नव्हती. 2013 मध्ये एका मत्स्यपालन कंपनीने गुन्हा कबूल केला आणि तिला 5 लाख डॉलर भरावे लागले.

सहनशक्ती कुळावरून ठरत नाही, हे इथे नीट दिसतं. उवेची पिढी काही आठवड्यांत उरकते आणि पिंजऱ्यात तिच्यावर पुन्हापुन्हा औषधाचा मारा होतो. प्रत्येक माऱ्यातून तगलेल्या उवाच पुढची पिल्लं घालतात. शेवंडाला वयात यायलाच 5 ते 8 वर्षं लागतात, आणि वाहत आलेलं विष त्याला अवचित गाठतं. इतक्या संथ चालीच्या प्राण्याकडून जुळवून घेण्याची अपेक्षा धरणं मला अन्यायाचं वाटतं.

2015नंतर नॉर्वेत या औषधांचा वापर झपाट्याने घटला. कोमट पाण्याची आंघोळ, पाण्याचे फवारे, उवा टिपून खाणारे मासे असे उपाय आले. शेवंडांच्या काळजीपेक्षा औषधं चालेनाशी झाली, हेच त्याचं मोठं कारण होतं.