लेहहून परत येताना विमानात वजनाची एवढी काटेकोर मोजणी का?

नमस्कार मंडळी,

परतीच्या विमानात कधीकधी काही सीटा रिकाम्या दिसतात आणि तरी काउंटरवर २ किलो जास्त भरले म्हणून बॅग उघडायला लावतात, किंवा बॅग ऑफलोड होऊन दुसऱ्या दिवशीच्या फ्लाइटनं येते, मग लोक चिडतात आणि ते साहजिकच आहे. पण यामागचं कारण खरंच मोठं आहे, म्हणून लडाखच्या प्रत्येक बुकिंगबरोबर आम्ही हा कागद देतो. बरोबर येणाऱ्या ज्येष्ठांनाही वाचून दाखवा.

लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३२५६ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. तिथे हवेचा दाब मुंबईच्या साधारण दोन तृतीयांश असतो. हॉटेलचे जिने चढताना तुम्हाला पहिल्या दिवशी धाप लागेल, तशीच ती इंजिनालाही लागते, कारण तेही हवा आत ओढूनच जोर लावतं. आणि पंखांना उचलून धरते तीही हवाच. म्हणजे विरळ हवेत विमानाचा जोरही कमी पडतो आणि उडण्यासाठी वेगही जास्त लागतो, दोन्हीकडून मार. भरलेलं एअरबस ए३२० मुंबईत ताशी २६० किलोमीटरच्या आसपास नाक उचलत असेल, तर तेवढंच वजन घेऊन लेहला तापलेल्या दिवशी त्याला सव्वातीनशेच्या आसपास जावं लागेल. एवढा वेग कमी जोराच्या इंजिनावर गाठायचा म्हणजे धावपट्टी भरपूर खाल्ली जाते, आणि लेहची धावपट्टी आहे साधारण पावणेतीन किलोमीटरची. टायरलाही मर्यादा असते, ताशी ३६० किलोमीटरच्या आसपास.

बरं, नुसतं उडता आलं म्हणजे झालं असं नाही. प्रत्येक टेकऑफच्या आधी पायलट एक वेग काढून ठेवतात, त्याला व्ही-वन म्हणतात. त्या वेगाच्या आत काही बिघडलं तर ब्रेक लावून उरलेल्या धावपट्टीतच थांबता आलं पाहिजे, आणि तो वेग ओलांडल्यावर एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्या एकट्या इंजिनावर उडून डोंगर टाळून वर जाता आलं पाहिजे. दोन इंजिनांच्या विमानाला चाकं आत घेतल्यावर एका इंजिनावर दर १०० मीटरला किमान २.४ मीटर चढता आलंच पाहिजे असा नियम आहे, आणि लेहसारख्या दरीत समोरच्या डोंगरांमुळे त्याहून जास्तही लागू शकतं. हे सगळं जमेल एवढंच वजन घ्यायचं, एक किलो वर नाही. कुणाचंही इंजिन बंद न पडता वर्षानुवर्षं जातात, तरी रोजचा हिशोब इंजिन बंद पडणारच असं धरूनच केला जातो, आणि आम्हाला विचाराल तर या हिशोबात कुणी सूट मागूही नये.

यात धावपट्टी लांब असणं कामाला येतं, तिबेटमध्ये ४३३४ मीटरवरच्या बांगदा विमानतळाला म्हणूनच साडेपाच किलोमीटरची धावपट्टी बांधली होती. पण डोंगर समोर असला की नुसत्या लांबीनं भागत नाही. (पुण्याहून थेट युरोपची मोठी विमानं का नाहीत असंही बरेच जण विचारतात, तर पुण्याची धावपट्टी २५३५ मीटर आणि मुंबईची मोठी ३४४८, इंधनानं भरलेल्या मोठ्या विमानाला हा फरक फार पडतो.)

आता पहाटेच्या फ्लाइटबद्दल. हवा तापली की आणखी विरळ होते. सकाळी ५ डिग्री आणि दुपारी ३० डिग्री असेल तर घनतेत साधारण ८ टक्के फरक पडतो, आणि ३० डिग्रीला विमानाला लेह साडेचार हजार मीटरवर असल्यासारखंच वाटतं. शिवाय दुपारनंतर दरीत जोराचे वारे सुटतात, मागून वारा आला की धाव आणखी लांबते. म्हणून लेहच्या बहुतेक फ्लाइट सकाळच्याच असतात. जुलै २०२४ च्या शेवटी तिथे उष्णता इतकी वाढली की विमान कंपन्यांना फ्लाइट रद्द कराव्या लागल्या, आकाश मात्र स्वच्छ होतं. धावपट्टीवर बर्फ किंवा पाणी असेल तर ब्रेक नीट लागत नाहीत, तेव्हाही वजन उतरवावं लागतं.

मग वजन कमी करायचं कुठून? ए३२० निओ कागदावर ७९ टनांपर्यंत घेऊ शकतं, लेहला तेवढं चालत नाही. विमानाचं स्वतःचं वजन तर कमी होत नाही, दिल्लीपर्यंतचं आणि अडचणीसाठीचं राखीव इंधन घ्यावंच लागतं, उरलं काय तर माल, बॅगा आणि माणसं. म्हणून काही सीटा रिकाम्या सोडतात. १८० जणांनी प्रत्येकी ५ किलो जास्त आणले तर ९०० किलो होतात, म्हणजे सामानासकट नऊदहा माणसांचं वजन! टेकऑफच्या वेळी एसीचा आवाज थांबून मिनिटभर गरम वाटलं तर घाबरू नका, ती हवा इंजिनातूनच घेतलेली असते, ती बंद केली की इंजिनाला थोडा जास्त जोर मिळतो.

आता आमची विनंती. तिकिटावर जेवढं वजन लिहिलंय त्याच्या ३ किलो कमीच भरून निघा, कारण लेहच्या बाजारात जर्दाळू आणि शाली घेतल्याशिवाय कुणी परत येत नाही. गोळ्या-औषधं, चष्मा, एक जाड जॅकेट आणि एका दिवसाचे कपडे हातातल्या बॅगेत ठेवा, मोठी बॅग मागे राहिली तरी अडणार नाही. परतीच्या आदल्या रात्री आपण पँगाँग तलावापाशी नाही, लेहमध्येच मुक्कामी असतो आणि त्याच दिवशीचं दिल्ली-पुणे तिकीट आम्ही सहसा काढत नाही, मध्ये एक रात्र ठेवतो, खर्च थोडा वाढतो पण फ्लाइट रद्द झाली तर हीच रात्र कामी येते. तुम्ही पुढचं तिकीट स्वतः काढणार असाल तर आधी ऑफिसला फोन करून विचारा. बॅग मागे राहिली तर टॅगची पावती जपून ठेवा, काउंटरवर तिचा नंबर लिहून घ्या आणि लगेच आपल्या टूर मॅनेजरला सांगा, बॅग घरी पोचेपर्यंतचा पाठपुरावा आम्ही करतो.