पेशीय श्वसन

अन्नातील रेणूंचे टप्प्याटप्प्याने विघटन करून त्यांतील ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात काढून घेण्याची प्रक्रिया. बोलण्यात आपण नाकातोंडाने हवा आत-बाहेर करण्याला श्वसन म्हणतो, तो श्वासोच्छ्वास. पेशीय श्वसनाला फुप्फुसे लागत नाहीत. ते झाडांत, बुरशीत, जीवाणूंत अहोरात्र चालते. मुगागाठीसाठी मोड आणायला बांधलेली मुगाची पुरचुंडी सकाळी सोडली की हाताला ऊब लागते, पिकायला घातलेल्या मानकुरादच्या अढीत हात घातला तरी लागते. ती ऊब श्वसनाचीच. आंबा झाडावरून उतरवला तरी त्याच्या पेशी जिवंत असतात आणि पिकताना त्यांचे श्वसन एकदम वाढते.

श्वसन म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलन, हे लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८० च्या दशकात गिनीपिगला बर्फाच्या वेढ्यात ठेवून आणि वितळलेले पाणी मोजून दाखवले. तुलना योग्य आहे, पण अर्धवट. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जाळले तर सुमारे २८०० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. चुलीत ती एकदम उसळते आणि उष्णता बनून उडून जाते. पेशी तोच व्यवहार बारीक बारीक पायऱ्यांनी करते आणि काही पायऱ्यांवर हाताला लागेल तेवढे एटीपी या रेणूच्या रूपात बाजूला काढते. एटीपी हे पेशीचे सुटे पैसे. साठा नेहमी थोडाच, पण उलाढाल इतकी की माणसाच्या शरीरात दिवसभरात साधारण त्याच्या वजनाइतके एटीपी तयार होऊन खर्च होते. हा रेणू १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांना सापडला; त्याच सुमारास हार्वर्डमध्ये फिस्क आणि भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीही तो स्वतंत्रपणे शोधला.

पेशीद्रवात ग्लुकोजचे दहा पायऱ्यांत पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात. निव्वळ कमाई दोन एटीपी. पुढचे काम तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशीतल्या छोट्या बंद कप्प्यांमध्ये. तेथे पायरुविक आम्लाचा एक कार्बन सुटतो, उरलेला दोन कार्बनांचा तुकडा हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या चक्रात शिरतो आणि कर्बवायू होऊन बाहेर पडतो. पेज, नुस्ते (मासे), खोबरेल तेल ही सगळी मंडळी शेवटी याच सुमारास एकत्र येतात: मेदाम्लांचे दोन-दोन कार्बनांचे तुकडे पडतात, प्रथिनांतील नायट्रोजन आधी काढून टाकावा लागतो. मेदाच्या एका ग्रॅममागे सुमारे नऊ किलोकॅलरी मिळतात, कर्बोदके आणि प्रथिने यांच्यामागे चार.

येथवर प्राणवायूचा थेट संबंध आलेलाच नाही. आपण घेतलेल्या प्राणवायूचा कर्बवायू होतो अशी पक्की समजूत आढळते. प्रत्यक्षात त्याचे पाणी होते. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन एनएडीसारखे वाहक रेणू तंतुकणिकेच्या आतल्या पटलापाशी आणून देतात. तेथील प्रथिनांच्या साखळीतून ते हातोहात पुढे जातात आणि शेवटी प्राणवायू त्यांना पदरात घेतो. या उतरणीवर मिळालेल्या ऊर्जेने पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन साठवले जातात. गोव्यातल्या वाचकाला खाजणाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध डोळ्यांसमोर आणता येईल: भरतीचे पाणी बांधाबाहेर चढते आणि त्याला आत येण्याची वाट एकच, मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार. त्या मानशीत एक चक्र बसवले आहे असे समजावे. एटीपी बनवणारे प्रथिन हे तसेच खरोखर फिरणारे चक्र आहे. साठवलेल्या प्रोटॉनांच्या जोरावर एटीपी बनते ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली तेव्हा फारशी कोणाला पटली नव्हती. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, आणि चक्राचे काम उलगडल्याबद्दल १९९७ मध्ये बॉयर आणि वॉकर यांना. बांध थोडा झिरपतो, ने-आणही फुकट होत नाही. म्हणून एका ग्लुकोजमागे ३६ किंवा ३८ एटीपी हा जुन्या पाठ्यपुस्तकांतला आकडा आता ३० ते ३२ वर आला आहे.

मग प्राणवायू नसेल तर? इलेक्ट्रॉन घेणारा कोणी नाही म्हटल्यावर वाहक भरलेलेच राहतात आणि सगळा कारखाना थांबतो. त्यावर एक तोड म्हणजे किण्वन. काजूची बोंडे तुडवून काढलेला रस भांड्यात ठेवला की यीस्ट कामाला लागते. ते इलेक्ट्रॉन बाहेर कोणाला न देता ग्लुकोजच्याच उरलेल्या तुकड्यावर परत लादते; त्यातून मद्यार्क आणि कर्बवायू तयार होतो. वाहक मोकळे झाले एवढाच फायदा, एटीपी तीच दोन. ग्लुकोजमधील नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा मद्यार्कातच पडून राहते, आणि म्हणूनच मद्यार्क पेटतो. भाटीवर ऊर्ध्वपातन करून आधी हुर्राक आणि मग फेणी काढतात, तेव्हा माणूस यीस्टने न वापरलेलाच माल गोळा करत असतो. रेंदेराने माडावरून उतरवलेली सूर, म्हणजे माडी, पोदेर (पाववाले) पूर्वी पावाच्या पिठात घालत, इडलीसारखी सान्नां फुगवायलाही ती लागते. तेथे मोल कर्बवायूला, मद्यार्क वाफेबरोबर जातो. तीच सूर उघडी राहिली तर आंबट होते, कारण हवेतला प्राणवायू मिळाल्यावर दुसरे जीवाणू मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल करतात. गोव्याच्या स्वयंपाकातला माडाचा व्हिनेगर हे असे अर्ध्यावर थांबलेले श्वसन होय. जोराच्या धावण्यात आपल्या स्नायूंतही किण्वन होते, पण तेथे लॅक्टिक आम्ल बनते. दुसऱ्या दिवशी अंग दुखते त्याचा दोष मात्र त्याच्यावर टाकू नये. ते तासाभरात ओसरलेले असते.

दुसरी तोड शालेय पुस्तके किण्वनाशीच एकत्र करून टाकतात, आणि ही गफलत टाळण्याजोगी आहे. खऱ्या विनॉक्सिश्वसनात, म्हणजे प्राणवायूविना चालणाऱ्या श्वसनात, इलेक्ट्रॉनांची साखळी शाबूत असते, फक्त शेवटी प्राणवायूऐवजी दुसरा कोणी उभा असतो: नायट्रेट, लोह, सल्फेट. याच क्रमाने मिळकत घटत जाते, त्यामुळे आधीचा संपल्याशिवाय जीवाणूंचा समूह सहसा पुढच्याकडे वळत नाही. चोडणच्या खारफुटीत पाय रुतला की काळ्या चिखलातून कुजक्या अंड्याचा वास येतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट मुबलक असते. प्राणवायू नसलेल्या गाळातले जीवाणू त्याला इलेक्ट्रॉन देतात आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर टाकतात. लोहाशी संयोग होऊन त्याचा काळा रंग गाळाला चढतो. तिवराच्या मुळांनाही त्याच चिखलात श्वसन करायचे असते, म्हणून ती पेन्सिलीसारखी वर डोके काढून हवा घेतात.

हाच क्रम गोव्याच्या समुद्रात दरवर्षी उलगडतो. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायू अत्यंत कमी असतो. पावसाळ्यात खालचे पाणी किनाऱ्याकडे वर सरकते, त्यातील पोषकद्रव्यांवर शेवाळ माजते, ते मरून तळाकडे जाते आणि त्याचे विघटन करता करता जीवाणू उरलासुरला प्राणवायूही संपवतात. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे वैज्ञानिक कांदोळीसमोरच्या ठरावीक ठिकाणी हे वर्षानुवर्षे मोजत आले आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळालगत आधी नायट्रेट खर्ची पडते आणि पुढे पाण्यातच हायड्रोजन सल्फाइड दिसू लागतो. नायट्रेट वापरताना मध्येच नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू निर्माण होतो. या किनारपट्टीवर तो किती मोठ्या प्रमाणात होतो ते सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले. प्राणवायूवर जगणारे मासे अशा पाण्यात टिकत नाहीत. नोव्हेंबरच्या आसपास किनाऱ्यालगतचा प्रवाह उलट फिरतो, वरचे पाणी खाली जाते आणि तळाशी पुन्हा प्राणवायू पोहोचतो.