गाडी शिकायला येण्यापूर्वी हे वाचा

नमस्कार. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग, मांजलपूर, कुठूनही आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकायला आलेल्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: "किती दिवसांत येईल?" फीचं नंतर विचारतात. म्हणून उत्तर आधीच देतो. नियमाप्रमाणे शिकवणी किमान २१ दिवसांची, आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं १० तासांपेक्षा कमी चालत नाही. "आठ दिवस येतो, सर्टिफिकेट मात्र द्या" असं कोणी म्हटलं तर आम्ही नाही म्हणतो. त्यामुळे गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

याचं कारण असं की पहिला आठवडा नुसत्या पायांना सवय लागण्यात जातो. क्लच हळूहळू सोडताना एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडीत बारीक थरथर जाणवते. तो हाफ क्लच. प्रत्येक गाडीत तो वेगळ्या उंचीवर लागतो आणि कितीही समजावून सांगितला तरी पायालाच सापडावा लागतो. पाय तिथे क्षणभर थांबवलात की गाडी अलगद सरकते, घाईने उचललात की झटका बसून बंद पडते. सुरुवातीला ती पुन्हा पुन्हा बंद पडेल. पडू द्या. मागचे हॉर्न वाजवतील, तुम्ही ब्रेक दाबून, न्यूट्रल करून शांतपणे पुन्हा सुरू करा. शेजारी आमचा माणूस असतो आणि त्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला ते लागतातच.

घरच्या गाडीत ते नसतात. सराव म्हणून मिस्टर किंवा दादा शेजारी बसणार असतील तर त्यांच्याकडे पक्कं लायसन्स हवं, पुढे-मागे लाल रंगात 'एल' लावलेला हवा आणि हात हँडब्रेकपाशी हवा. एक विनंती त्यांनाही आहे: ओरडू नका. आमच्याकडे आलेल्या कित्येक वहिनी आणि काकूंची भीती रस्त्याची नव्हतीच, शेजारून येणाऱ्या आवाजाची होती. ती घालवायला आम्हाला चार-चार दिवस लागले आहेत.

ॲक्टिव्हावरून गाडीकडे येणाऱ्यांना रहदारीचा अंदाज चांगला असतो, पण नजर चाकाच्या लगेच पुढे असते आणि फट दिसली की घुसायची सवय असते. गाडीत सगळ्यात उशिरा समजते ती डावी बाजू. लहरीपुऱ्याकडून मांडवीकडे जाताना कडेला लाऱ्या (हातगाड्या), पार्क केलेल्या स्कूटर, मध्येच उतरणारी माणसं असतात. तिथे आम्ही तिसऱ्या आठवड्याआधी नेत नाही. आधी सकाळचे मोकळे रस्ते, मग सर्कल. सर्कलमध्ये आधीच फिरत असलेल्या गाडीला पहिली वाट द्यायची, हा नियम पाठ करून या. तो पाळणारे कमी दिसतात, तरीही. पुलाचा चढ शेवटी. गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी हा अटल पूल साडेतीन किलोमीटरचा आहे. गर्दीत त्याच्या चढावर थांबावं लागलं तर हँडब्रेक ओढून, हाफ क्लच घेऊन मगच हँडब्रेक सोडायचा, म्हणजे गाडी मागे घसरत नाही.

अंतराचं एक गणित लक्षात ठेवा. ताशी ४० च्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, आणि ब्रेकवर पाय पडेपर्यंतच एखादा सेकंद निघून जातो. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवसांत दुचाकीपासून आणखी अंतर ठेवा. गळ्याशी पतंगाचा दोरा आला की तो माणूस जागच्या जागी थांबतो. पावसाळ्यात विश्वामित्री नदी चढली आणि रस्त्यावरचं पाणी अर्ध्या चाकापर्यंत दिसलं तर गाडी वळवा. पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, इंजिनात पाणी ओढलं जातं. ढकलून बाहेर काढा.

कागदपत्रांचं थोडक्यात. गाडीसाठी वय १८ पूर्ण हवं. लर्निंग लायसन्स हातात आल्याशिवाय आम्ही स्टिअरिंगला हात लावू देत नाही. ते ६ महिने चालतं आणि पक्क्याची टेस्ट ३० दिवसांनंतर देता येते. वय ४० च्या पुढे असेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. डोळे घरीच तपासून पाहा: दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट प्रत्येक डोळ्याने स्वतंत्रपणे वाचता यायला हवी. चष्म्याचा नंबर जुना असेल तर आधी तो बदला. आरटीओची टेस्ट ट्रॅकवर होते. आठचा आकडा, रिव्हर्स एस (एसच्या आकारात गाडी मागे घेणं), पार्किंग आणि चढ या चारही गोष्टी आम्ही करून घेतो. मुलगा-मुलगी १८ च्या आत असेल तर कृपया आग्रह धरू नका. अल्पवयीनाच्या हाती गाडी दिल्याबद्दल पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

पहिल्या दिवशी लर्निंग लायसन्स, चष्मा असेल तर चष्मा, आणि पायात पट्ट्याची सपाट चप्पल किंवा बूट. सुटी स्लिपर पेडलखाली अडकते. साडी नेसून यायला हरकत नाही, फक्त निऱ्या घोट्याच्या वर राहतील अशा खोचा. काहीतरी खाऊन या. पहिला अर्धा तास गाडी सुरूही करायची नसते. सीट, आरसे आणि पट्टा तुमच्या उंचीप्रमाणे लावण्यातच तो जातो.