लाल लाईटने सुकलेली लाळ परत येते का?

मोबाईलवर हल्ली लाल लाईटच्या टॉर्चच्या जाहिराती पाठ सोडत नाहीत. केस उगवा, गुडघे बरे करा, सुरकुत्या घालवा, आणि आता त्याच यादीत रेडिएशननंतर कोरडं पडलेलं तोंड पण आलंय. याच्या बरोब्बर उलटा प्रश्न परळला टाटाच्या आसपास ऐकू येतो, ज्यांच्या घरात कोणाला तोंडाच्या कॅन्सरसाठी शेक (म्हणजे रेडिएशन) चालू आहे ते विचारतात, "अहो शेक देऊनच तर तोंड सुकलं, आता त्यावर परत लाईट कशाला मारायची?" मला विचाराल तर दोघांची गफलत एकच आहे, किरण म्हटलं की सगळे एकाच माळेचे मणी असं धरून चालायचं.

शेकाच्या मशीनमधून येणाऱ्या एक्स-रेच्या एका फोटॉनमध्ये (किरणांच्या एका कणात) साधारण वीसेक लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट एनर्जी असते, ६६० नॅनोमीटर वेव्हलेंग्थच्या (तरंगलांबीच्या) लाल लेझरच्या फोटॉनमध्ये जेमतेम १.९. म्हणजे दहा लाख पटीचा फरक. पहिला फोटॉन अणूतले इलेक्ट्रॉन उडवतो आणि डीएनए तोडतो, दुसऱ्याच्या अंगात ती ताकदच नाही, मग त्याचा प्रकाश कितीही वेळ मारा.

आता लाळ. आपल्या मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. त्यातल्या पॅरोटिडचं, म्हणजे कानापुढे गालात असलेल्या ग्रंथीचं, तोंड कुठे उघडतं ते आत्ता बघता येईल, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आतल्या बाजूला जीभ फिरवा, एक बारीक उंचवटा लागतो, तेच. कैरीचं नाव काढलं की तिथूनच पाणी सुटतं. जेवताना लागणारी पातळ लाळ मुख्यतः पॅरोटिडची, एरवी तोंड ओलं ठेवायचं काम जास्त करून जबड्याखालच्या सबमँडिब्युलरचं. सगळं मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ होते.

तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरला साधारण ६० ते ७० ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) डोस सहा-सात आठवड्यांत विभागून देतात आणि या ग्रंथी नेमक्या वाटेत येतात. गंमत अशी की लाळ बनवणाऱ्या ॲसिनर पेशी फार हळू विभागतात, पुस्तकी नियमाने त्यांनी रेडिएशनला दाद द्यायला नको, पण लाळ पहिल्याच आठवड्यापासून घटायला लागते. आधी पेशींच्या आवरणात आणि सिग्नलिंगमध्ये बिघाड होतो, आणि नव्या पेशी देणाऱ्या स्टेम सेल्स मेल्यामुळे पुढे भरपाई होत नाही, असं सध्याचं मत आहे. मग वडापाव सोडाच, नुसता पाव पाण्याशिवाय घशाखाली उतरत नाही, चपाती वरणात कुस्करून खायची, रात्री जीभ टाळूला चिकटून जाग येते, आणि लाळेचं संरक्षण गेल्यामुळे दात भराभर किडतात.

यावर लाल लाईटची कल्पना आली कुठून? १९६७ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एंड्रे मेस्टर नावाचे डॉक्टर उंदरांचे केस काढून त्यांच्यावर रूबी लेझर मारत होते, कॅन्सरशी त्याचा काय संबंध ते बघायला. कॅन्सर झाला नाही, पण लेझर मारलेल्या जागी केस लवकर उगवले. (टक्कलवाल्यांचा आजचा बाजार तिथून सुरू झाला म्हणायला हरकत नाही.)

आणि आता माझा आवडता भाग, हा प्रकाश पेशीत नेमकं करतो काय. पेशीतल्या मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. आपण श्वासातून घेतलेला बहुतेक ऑक्सिजन शेवटी इथे येऊन पोचतो, त्याला इलेक्ट्रॉन मिळतात, पाणी बनतं, आणि या सगळ्या साखळीतून एटीपी म्हणजे पेशीचं इंधन तयार होतं. या एन्झाइममध्ये तांबं आणि हीम (लोह असलेला रेणू) असतं, त्यामुळे ते लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश शोषतं. पेशीवर ताण आला की नायट्रिक ऑक्साईड याच एन्झाइमला येऊन चिकटतो, म्हणजे दादरला उतरायचं नसलेला माणूस लोकलच्या दारात अडून उभा राहावा तसा, आणि ऑक्सिजनला आत शिरता येत नाही. प्रकाश पडला की नायट्रिक ऑक्साईड सुटतो, इलेक्ट्रॉन परत वाहायला लागतात, आतल्या पडद्याचं पोटेन्शियल वाढतं, एटीपी वाढतो, थोडे रिॲक्टिव्ह ऑक्सिजन रेणू तयार होतात आणि ते एनएफ-कप्पा-बी सारख्या स्विचमार्फत दुरुस्तीची जीन्स चालू करतात. ऐकायला एकदम सुंदर, पण यातही पाचर आहे, २०१९ मध्ये हे एन्झाइमच नसलेल्या पेशींवर ६६० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला तर त्यांचीही वाढ वाढली. म्हणजे दुसरी काहीतरी वाट पण असणार.

शिवाय डोसचं गणित सरळ नाही. कमी प्रकाशाने काहीच होत नाही, बेताच्या डोसने फायदा, आणि जास्त मारला तर परिणाम उलटा, पेशी मंदावतात. त्यामुळे "जास्त वेळ धरा, जास्त गुण" असं लिहिलेला टॉर्च दिसला की समजून जा. आमच्याकडे रंगीत बाटलीत पाणी भरून उन्हात ठेवून औषध म्हणून पिणारे लोक आहेत, त्यांना आता 'प्रकाशाने पेशी बऱ्या होतात' हे वाक्य आयतंच मिळालंय. बाटलीतल्या पाण्यात मायटोकाँड्रिया नसतात एवढंच सांगतो.

पुरावा काय म्हणतो? शेक चालू असताना तोंडात जे फोड-जखमा होतात, त्या टाळण्यासाठी हा लेझर वापरावा असं २०२० च्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईन्स सांगतात. कोरड्या तोंडाचं तसं नाही. २०२१ च्या गाईडलाईनमध्ये लाळेसाठी लेझरचा पुरावा अपुरा असाच शेरा आहे. एक कारण समजण्यासारखं आहे, तोंडातली जखम पृष्ठभागावर असते, पण पॅरोटिड गालाच्या कातडीखाली, चरबीखाली. लाल प्रकाशाचा बराच भाग वाटेतच संपतो, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन तो आणखी खातं, म्हणून तिथे इन्फ्रारेड लागतो. दुसरं म्हणजे ज्या ॲसिनर पेशी मेल्या त्यांना एटीपी देऊन काय उपयोग, फायदा झालाच तर उरलेल्यांना होणार. म्हणून शेक संपून दोन वर्षं झाल्यावर टॉर्च घेण्यापेक्षा शेक चालू असतानाच लेझर देण्याचे प्रयोग मला जास्त पटतात.

तोवर लाळ वाचवण्यात सगळ्यात मोठा हात शेकाच्या प्लॅनिंगचाच आहे. ब्रिटनच्या पार्सस्पोर्ट ट्रायलमध्ये आयएमआरटीने, म्हणजे किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करून दिलेल्या शेकाने, पॅरोटिड वाचवली तेव्हा वर्षभराने बऱ्यापैकी कोरडं तोंड असलेले पेशंट ७४ वरून ३८ टक्क्यांवर आले. तेव्हा शेक सुरू व्हायच्या आधी दात दाखवायला जाल (जायलाच हवं), त्याच वेळी दोन गोष्टी विचारून घ्या: पॅरोटिड वाचवता येईल का, आणि लेझरची सोय असेल तर तो कुठल्या वेव्हलेंग्थचा, किती ज्यूलचा (म्हणजे किती एनर्जीचा) आणि नेमका कुठे मारणार, कारण जिथे गाठ आहे तिथे तो मारायचा की नाही हे कॅन्सरच्या डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.